माळ्यावर गेलेली पुस्तकं

[दृश्य: ठाणे, घोडबंदर रोड. एका फ्लॅटमधला न्हाणीघरावरचा माळा. स्टुलावर चढलेले पाय. खालून दहा वर्षांच्या मुलीचा आवाज, "आई, सावकाश गं."]

मुलांना घरीच शिकवणाऱ्यांकडे गेलात, तर अभ्यासाचं टेबल बघू नका. ते तुमच्यासाठी आवरून ठेवलेलं असतं. माळा बघा. हौसेनं घेतलेलं, आठवडाभर चाललेलं आणि मग घरातल्या बाकीच्यांच्या नजरेआड गेलेलं सगळं तिथे असतं.

या माहितीपटाची सुरुवात आमच्याच माळ्यापासून. हा खोका आमचा. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा अमेरिकेतल्या नणंदेनं बॅगेतून आणलेला. तिचं स्वतःचं सामान त्यापायी कमी झालं, हे ती अजून ऐकवते. आत वर्षभराचा पूर्ण करिक्युलम होता. गोष्टींची पुस्तकं, वर्कशीट्स, रंगीत ठोकळे आणि आईसाठी एक जाडजूड वही. त्या वहीत रोज काय शिकवायचं ते होतंच, पण काय बोलायचं तेही लिहिलेलं. "आता मुलाला विचारा, चित्रात काय दिसतं?" इतकं.

अकरा दिवस चालला.

[दृश्य: वर्कशीटचं पान जवळून. नाण्यांची चित्रं.]

अकराव्या दिवशी हे पान आलं. अमेरिकन नाणी ओळखा. निकेल म्हणजे पाच सेंट, डाइम म्हणजे दहा सेंट. आणि डाइम निकेलपेक्षा लहान असतं. मुलगी म्हणाली, "आई, मोठं नाणं पाचाचं आणि छोटं दहाचं, असं कसं?" मी वही उघडली. मी काय म्हणायचं ते वहीत नव्हतं, कारण तिकडच्या मुलाला हा प्रश्न पडतच नसणार. नाणी त्याच्या आईच्या पर्समध्येच असतात. मी म्हटलं, "असतं तसं." ती म्हणाली, "कुठे असतं?"

त्याच्या मागच्या पानावर ऋतू होते. ऑक्टोबरमध्ये पानगळ. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये पंखा पाचवर. येऊरच्या जंगलात सावर निष्पर्ण होऊन फुलते ती जानेवारी-फेब्रुवारीत.

यात खोक्याचा दोष नाही. तो ज्यांच्यासाठी केलाय, त्यांच्या पन्नासच्या पन्नास राज्यांत घरी शिकवायला कायद्यानं मुभा आहे, आणि असे खोके तिथे नेहमीचे आहेत. दोष माझ्या खरेदीत होता. मुलगी शिकेल की नाही ही धास्ती मला नव्हतीच. मला शिकवता येईल का, याची होती. म्हणून मी मुलीसाठी पुस्तक घेण्याऐवजी स्वतःसाठी एक बाई विकत घेतली, रोज कानात सांगणारी.

[दृश्य: ठाणे स्टेशनबाहेरची गर्दी. मग मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या पायऱ्या.]

खोका वर गेला आणि खाली उरलं एक साधं गणिताचं पुस्तक आणि १८९३ साली सुरू झालेल्या या ग्रंथसंग्रहालयाचं सभासदत्व. शनिवारी यायचं, पुस्तक घ्यायचं, तलावपाळीवर बसून अर्धं तिथेच वाचायचं. याला करिक्युलम म्हणायचं का, असं सासूबाईंनी विचारलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

[दृश्य: ट्रान्सहार्बर लोकल. खिडकीतून खाडी. नेरूळ स्टेशन.]

नेरूळचं हे घर आमच्यापेक्षा हिशोबी. वडील रात्रपाळी करतात, आई दिवसा घरून काम करते, आणि दोघांच्या मध्ये आजी. मुलं दोन, नऊ आणि सहा वर्षांची. खोका वगैरे त्यांना परवडणारा नव्हता. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. ती उतरवून घ्यायची, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापायची, स्पायरल मारायचं.

फुकट मिळतं म्हणून त्यांनी सगळंच घेतलं. मराठी बालभारतीचं, गणित एनसीईआरटीचं, विज्ञान एका ब्रिटिश मालिकेचं. एक ना धड भाराभर चिंध्या, हे आईचेच शब्द. घोळ कुठे झाला? प्रत्येक पुस्तकाची चाल वेगळी असते. विज्ञानाच्या पुस्तकानं आलेख येतो असं धरलं होतं, आणि गणिताच्या पुस्तकात तो धडा अजून पुढच्या वर्षी होता. थोरला वर्षभर कुठल्या ना कुठल्या पुस्तकात मागे असायचा. मूल मागे नव्हतं, पुस्तकंच एकमेकांच्या मागे-पुढे होती. हे कळायला त्यांना दीड वर्ष लागलं.

पण याच घरात मला एक फार छान जमलेली गोष्ट सापडली.

[दृश्य: धाकटी वही घेऊन. आजी समोर पाटावर. आजी म्हणते, "लिही, त्रेसष्ठ." धाकटी ३६ लिहिते.]

त्रेसष्ठ म्हणताना आपण तीन आधी बोलतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. कान एकीकडे नेतो, पेन्सिल दुसरीकडे. इंग्रजीत वीसच्या पुढे ही अडचण येत नाही, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मोजणारी मुलं इथे हमखास अडखळतात.

२०१९ सालची आठवण असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाषा बुडाली, गणित बुडालं, काय काय बुडालं. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर, आणि त्या शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटसुलट क्रम यांत लहान मुलं अडकतात, त्यांना सोपी वाट असू द्या. त्या वेळी मीही व्हॉट्सॲपवर विनोद पुढे पाठवले होते. इथे पाटासमोर बसल्यावर जरा लाज वाटली.

[दृश्य: तीच वही. आई आत येते. "साठ तीन लिही." धाकटी ६३ लिहिते. आजी, "आणि त्याला म्हणायचं काय?" "त्रेसष्ठ!"]

आजीला 'साठ तीन' अजिबात मान्य नाही. आईला ते हवंच आहे. तोडगा असा निघाला की लिहायचं आईच्या पद्धतीनं आणि म्हणायचं आजीच्या. दोन महिन्यांत उलट आकडे बंद. शाळेत चाळीस मुलांपुढे अशी दोन माणसं कोण उभी करणार?

दुसरी टिकलेली गोष्ट सिंगापूरची, पट्ट्यांची पद्धत. पुस्तक विकत न घेता त्यांनी फक्त युक्ती उचलली. थोरल्याला आजीनं गणित घातलं. ताई आणि दादाकडे मिळून चाळीस गोट्या, ताईकडे दादापेक्षा बारा जास्त, तर कोणाकडे किती? त्यानं गॅलरीतल्या लादीवर खडूनं दोन पट्ट्या काढल्या, ताईची लांब, दादाची आखूड. लांब पट्टीचं जास्तीचं टोक हातानं पुसलं. "हे बारा गेले, उरले अठ्ठावीस, दोघांना चौदा-चौदा." मग पुसलेलं टोक परत काढलं. "ताईकडे सव्वीस." क्ष धरायची गरजच पडली नाही. आजीनं विचारलं, "आणि गोट्या खेळणारी ताई कुठली रे?" त्यावर मात्र उत्तर नव्हतं.

[दृश्य: ऐरोली. दिवा कोळीवाड्याचा धक्का. ओहोटी, चिखलात कलंडलेल्या होड्या. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ.]

तिसऱ्या घराला माळाच रिकामा. इथे करिक्युलम घेतलाच नाही. अमेरिकेत शिक्षणावर लिहिणारे जॉन होल्ट यांनी १९७७ साली या वाटेला 'अनस्कूलिंग' हा शब्द दिला. मुलाला ज्याची ओढ लागेल त्यातूनच शिकू द्यायचं. आपल्याकडे याला परदेशी खूळ म्हणतात. म्हणणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे सगळं आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. अर्थात, कुरणात गेल्या तरी शिकवणं त्यांनी सोडलं नव्हतं. तो भाग पुढे येईलच.

या घरातला मुलगा आता तेरा वर्षांचा. नवव्या वर्षी त्याला खाडीचं वेड लागलं. रोज धक्क्यावर जाऊन भरतीची वेळ वहीत लिहायची. पंधरा दिवसांत त्याच्या लक्षात आलं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. का सरकते, यातून चंद्र आला, चंद्रातून तिथी आली. आणि एके दिवशी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला विचारलं, "आज तिथी कोणची?"

[दृश्य: मुलगा वही उघडून कॅमेऱ्याला दाखवतो.]

"षष्ठी," हा म्हणाला. "सहा पाऊण किती?" याला येईना. "साडेचार. साडेचारला पानी भरंल."

कोकणच्या किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. आपल्या आजोबांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली होती, आणि नंतर आपण ती निरुपयोगी म्हणून काढून टाकली. या मुलानं ती धक्क्यावर बसून पाठ केली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. अपूर्णांक तो वहीत शिकण्याआधी पाण्यावर शिकला.

पुढची गंमत अशी, की त्यानं छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिलं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, आणि भरती तर पन्नास सरकते. शिवाय खाडीच्या आत पाणी समुद्रापेक्षा उशिरा पोचतं. म्हणजे पुनवेपर्यंत बराच फरक साठतो. हा वही घेऊन बाबांकडे गेला. "बाबा, तुमचा हिशोब चुकतो." बाबा म्हणाले, "आरं, होडी काय घड्याल बघून सुटते का?"

मी हे चित्रण दहा वेळा पाहिलं. इथेच माहितीपट संपवावा, असं संकलकाचं म्हणणं होतं.

[दृश्य: त्याच घरातलं जेवणाचं टेबल. रविवार. मुलगा लिहितोय, वडील घड्याळ लावून बसलेत.]

पण मुलाची आई म्हणाली, "ताई, पुढचंही दाखवा."

पुढचं असं. हा मुलगा भरतीवर तासभर बोलेल. लिहायला सांगितलं की सात ओळी. चार वर्षांत त्याला सलग दोन पानं लिहायला कोणी बसवलंच नव्हतं, कारण त्याची ओढ त्यात नव्हती. आणि पुढच्या वर्षी तो चौदा पूर्ण करेल, म्हणजे एनआयओएसच्या, केंद्राच्या मुक्त शाळेच्या, दहावीला बसू शकेल. पाच विषय, गुणांतले वीस टक्के घरून लिहून पाठवायच्या असाइनमेंटला, बाकी परीक्षा. नापासाची फार भीती नाही, पाच वर्षांत नऊ संधी असतात. पण पेपर शेवटी हातानंच लिहायचा. वडील म्हणतात, "आम्ही वाट बघत राहिलो. काही गोष्टींची वाट बघायची नसते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही." आई पाठमोरी भांडी लावत म्हणते, "मी सांगितलं होतं."

[दृश्य: टेबलावर पसरलेले अर्ज.]

परीक्षेचं हे कोडं सगळ्याच घरांत आहे, आणि पुस्तकांची निवड शेवटी त्यावरच येऊन थांबते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. न घातलं तर शिक्षा मात्र कुठे लिहिलेली नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही. त्या फटीत ही सगळी घरं राहतात. वाटा मोजक्याच. एनआयओएस, राज्य मंडळाचा, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, आपल्या सगळ्यांना नावानं माहीत असलेला सतरा नंबरचा फॉर्म, किंवा पैसे असतील तर केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे त्यांची दहावीच्या तोडीची परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून. तिथे दर विषयाला फी मोजावी लागते, पण विज्ञानाला प्रयोगशाळेऐवजी लेखी पर्याय घेता येतो, आणि घरी ब्युरेटसारखी प्रयोगाची उपकरणं नसलेल्यांना तो मोठा आधार असतो. मी एका परीक्षा केंद्राला फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलगी आजारी असते का?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग शाळेत का नाही जात?" आणि फोन ठेवला.

नेरूळच्या आईनं यावर आपल्यापुरता नियम केलाय. बारा वर्षांपर्यंत पुस्तक मुलाकडे बघून घ्यायचं, बारानंतर बोर्डाकडे बघून. मला तो थोडा रुक्ष वाटतो. पण माझी मुलगी दहाची आहे, आणि मी गेल्या महिन्यात एनआयओएसची पुस्तकं उतरवून ठेवली आहेत. कोणाला न सांगता.

[दृश्य: पुन्हा आमचं घर. खोका आता दारात. बेल वाजते.]

खोका न्यायला खारघरहून एक आई आली आहे. तिचा मुलगा पाच वर्षांचा. मी तिला सगळं सांगितलं. नाणी, पानगळ, अकरा दिवस. काही लपवलं नाही. तिनं ती जाड वही उघडली, उभ्या उभ्या चार पानं वाचली.

"ताई, यात आपण काय बोलायचं तेसुद्धा लिहिलंय?"

"शब्दन् शब्द."

"मग नेते."

लिफ्टचं दार बंद होत होतं, तेवढ्यात माझी मुलगी आतून धावत आली. आत्यानं नंतर कधीतरी पाकिटातून पाठवलेली दोन नाणी तिच्या हातात होती.

"मावशी, हे पण घ्या. छोटं आहे ना, ते दहाचं."