शेडनेटमागचा शिक्रा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा हा लालभडक डोळा शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या प्रौढ नराचा आहे. मोकळ्या रानात हा पक्षी इतका जवळून सहसा दिसत नाही. बांधावरच्या बाभळीतून राखाडी रंगाची एक रेघ सपकन निघते आणि कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत पलीकडच्या तुरीत नाहीशी होते. बीड जिल्ह्यातील या उपचार केंद्रात मात्र तो आमच्यापासून जेमतेम सहा फुटांवर, सुंभ गुंडाळलेल्या दांडीवर बसला आहे.

उमरग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकी सांगताना ‘श्येनविनोद’ही सांगितला आहे. श्येन म्हणजे ससाणा आणि श्येनविनोद म्हणजे पाळलेल्या ससाण्याकडून शिकार करवण्याचा खेळ. आज असा विनोद गुन्हा ठरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारी पक्षी घरी पाळता येत नाही, त्यामुळे इथल्या पिंजऱ्यातला प्रत्येक पक्षी रुग्ण आहे आणि आम्ही रुग्णाच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरलो आहोत.

जवळून छायाचित्र काढणाऱ्याला पहिला मोह होतो तो आवेशाचा. उघडी चोच, पसरलेले पंख आणि रोखलेली नजर असे चित्र लोकांना रुबाबदार वाटते; प्रत्यक्षात बंदिस्त पक्ष्याच्या बाबतीत ती बहुतेक वेळा भीतीची नाहीतर उकाड्याची लक्षणे असतात. घाबरलेला शिक्रा पिसे अंगाशी घट्ट आवळून बारीक होतो, तर गव्हाणी घुबड अंग फुगवते, डोके खाली घालून डोलते आणि फुत्कारते. ज्या रागीट नजरेचे एवढे कौतुक होते, ती तर शिक्र्याच्या डोळ्यावर छपरासारख्या पुढे आलेल्या हाडाची करामत आहे. झोपेला आलेला शिक्रासुद्धा संतापलेलाच दिसतो.

पिंजऱ्यावर हिरवी शेडनेट ताणलेली आहे. जालन्याकडच्या बीजोत्पादनाच्या शेतांत दिसते तीच ही जाळी उन्हाला आवरते, पण पांढऱ्या छातीवर शेवाळासारखी हिरवी झाक टाकते, म्हणून आधी पांढऱ्या कागदाचे एक चित्र घेऊन रंगांचा तोल बसवावा लागला. जाळीच्या आरपार चित्र घेताना भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे, भिंग जाळीच्या शक्य तितके जवळ न्यावे आणि पक्षी जाळीपासून दूर बसेपर्यंत वाट पाहावी. मग जाळीचे धागे चित्रात विरघळून जातात. जाळीवर ऊन पडले असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. फ्लॅश आम्ही पिशवीतून काढलाच नाही, कारण शेजारच्या अंधाऱ्या खोलीत विहिरीतून काढलेले गव्हाणी घुबड होते आणि अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यांवर प्रकाशाचा झोत मारण्याइतके कोणतेही चित्र मोलाचे नसते.

पलीकडे संक्रांतीच्या आठवड्यात आलेली घार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तिच्या पंखाच्या पुढच्या कडेचा कातडीचा पडदा मांजानेच कापला गेला आहे. त्या पडद्यातला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तुटला तर जखम भरूनही पंख पुरता उघडत नाही. तिची चित्रे आम्ही काढली ती केवळ जखमेच्या नोंदीसाठी.

शिक्र्याकडे पाठ करून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. वळून पाहिले तेव्हा त्याने एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता, पिसे सैल सोडली होती आणि तिसरी पापणी संथपणे डोळ्यावरून फिरत होती. त्यात कसलाच आवेश नसल्याने छायाचित्र स्पर्धेत अशा चित्राकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. आम्ही तीन चित्रे घेतली आणि बाहेर आलो.

संगणकावर तीच चित्रे मोठी करून पाहताना केंद्रातील कार्यकर्त्यांनी शेपटीची पिसे मोजली. बारांपैकी दोन मधोमध मोडली आहेत. ज्यांना तो सापडला, त्यांनी काळजीपोटीच त्याला दोन दिवस कोंबड्यांच्या तारेच्या खुराड्यात ठेवले होते, बहुधा तेव्हाचीच ही मोडतोड. मोडलेले पीस पुन्हा वाढत नाही. ते गळून त्या जागी नवे यावे लागते. सोडण्याची तारीख त्यामुळे पुढे गेली आहे आणि दांडीवर सुंभाचा नवा वेढा घालण्यात आला आहे.