आधी पाणी, मग कागद, दर शेवटी

नमस्कार श्रोतेहो.

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि घराचा दर सांगण्याची एक नवी तऱ्हा रूढ झाली. एजंट आधी बेंचचं नाव घेतो, मग आकडा सांगतो. बेंच आल्यामुळं सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार इथं यायला लागले, भाड्यानं जागा शोधणारे वाढले, हे खरं आहे. शेंडा पार्कात बेंचची कायमची इमारत व्हायची म्हणून आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगावच्या बाजूला प्लॉट सांगणाऱ्यांचा आवाज चढलाय, तेही खरं. पण त्याच्या आधी उजळाईवाडीच्या विमानतळाचं नवं टर्मिनल होतं. त्याच्या आधी काळम्मावाडी धरणावरून येणारी पिण्याच्या पाण्याची थेट पाईपलाईन होती. आणि शहराची हद्दवाढ तर 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून दरात धरलेलीच आहे! यातलं काही झालं, काही व्हायचंय. घेणाऱ्याकडून पैसे मात्र सगळ्याचे आजच मागितले जातात.

बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं घर घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय, "साहेब, तिथं दर काय चाललाय?" मी म्हणतो, दर शेवटी विचारा. आधी पाणी बघा, मग कागद बघा. ही दोन्ही नीट असतील तर दरावर घासाघीस करण्यात अर्थ आहे. नसतील तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते महागच पडतं.

पाण्याचं आधी सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, 2021 ला, पुन्हा गेलं. 2024 लाही धोक्याची पातळी ओलांडलीच. तरी घर बघायला गेल्यावर मालक ठामपणे सांगतात, "इथं पाणी येत नाही." जरा खोदून विचारलं की, "म्हणजे येतंय, पण पायरीपर्यंतच."

निव्वळ भागाच्या नावावरून निकाल लावू नका. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, कसबा बावडा या सगळ्या भागांत कोरडी घरंही आहेत आणि बुडणारीही. एकाच कॉलनीत चढाच्या बाजूचं घर सुटतं आणि मागच्या गल्लीत छातीएवढं पाणी असतं. घर नदीपासून लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं तुंबत येतं आणि नाल्याकाठच्या वस्तीत शिरतं.

सरकारी नकाशावर दोन पूररेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. सिटी सर्वे नंबर किंवा गट नंबर घेऊन नगररचना विभागात जा आणि आपली मिळकत कुठं पडते ते लेखी घ्या. निळ्या रेषेच्या आतलं जुनं घर पुढं पाडून नवं बांधू, असा हिशेब करून घेणार असाल तर तिथंच थांबा.

नकाशा बघून झाला की घराच्या दारात उभे राहा आणि आधी लाईटचा मीटर कुठं बसवलाय ते बघा. पुराच्या पट्ट्यात बऱ्याच घरांनी तो डोक्याच्या वर सरकवून घेतलेला असतो. मग जिन्याखालची भिंत बघा. कमरेपर्यंत नवा गिलावा, वर जुना, आणि दोन्हींच्या मध्ये दोरी लावून मारल्यासारखी आडवी रेघ असली तर काय ते समजून घ्या. दाराची चौकट खालच्या बाजूला फुगलेली असते, तिथला रंग नखानं सुटतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून हे बघायचं सोडू नका. पाण्याची टाकी, मोटर, लिफ्टचं सामान, तुमची गाडी, सगळं खालीच असतं. लिफ्ट बुडाली की दुरुस्तीची वर्गणी तिसऱ्या मजल्यालाही द्यावी लागते.

आणि विचारायचं ते मालकाला नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला. "एकवीसला पाणी कुठवर आलतं वो?" असं विचारलं की तो फडताळाकडं बोट करून सांगतो, "खालनं दुसरी फळी बुडाली हुती." मालक विसरेल, पण ज्याचं साखरेचं पोतं भिजलंय तो माणूस विसरत नाही. जमलं तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. त्या महिन्यांत बाजार थंड असतो, गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि घर जसं आहे तसं दिसतं. दसरा-पाडव्याला सगळीच घरं चांगली दिसतात.

पूर येणाऱ्या भागात घर असेलच तर विमा घ्या. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. कर्ज घेताना बँकेत जो विमा गळ्यात मारला जातो तो बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे. कागद वाचून बघा.

आता कागद. शहरातली मिळकत ए, बी, सी, डी, ई अशा वॉर्डांत वाटलेली आहे. शिवाजी पेठ ए वॉर्डात, राजारामपुरी ई वॉर्डात. इथं बघायचं ते प्रॉपर्टी कार्ड. घरफाळ्याच्या पावतीवर नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही. फाळा कोण भरतो एवढंच ती पावती सांगते. शहराबाहेर, म्हणजे कळंबा, पाचगाव, उचगावकडं सातबारा बघायचा. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढं करतात. तीही कर आकारणीचीच नोंद, मालकीचा पुरावा नव्हे.

सातबाऱ्यावर सगळे नाव बघतात आणि कागद घडी करून खिशात घालतात. खरी गंमत 'इतर हक्क' या रकान्यात असते. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणीचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं बारीक अक्षरात पडलेलं असतं. शेजारी भूधारणा पद्धती लिहिलेली असते. 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर ठीक. 'वर्ग 2' असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. आपला जिल्हा संस्थानातला. इनाम, वतन, देवस्थानच्या जमिनी आपल्याकडं भरपूर आहेत. देवस्थान इनामाची जमीन वहिवाटदार परस्पर विकू शकत नाही. तरी तिच्यावर गुंठा-गुंठा पाडून शंभराच्या स्टँपवर व्यवहार झालेले मी बघितलेत. घेणारी माणसं कष्टाची होती आणि कर्जाला बँकेत आली तेव्हा त्यांना हे कळलं. नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीपत्र नव्हे. दुय्यम निबंधकाकडं नोंदलं गेलं, इंडेक्स टू म्हणजे त्या नोंदणीचा उतारा हातात आला, फेरफार म्हणजे मालक बदलल्याची नोंद मंजूर झाली, की तुमचं नाव लागलं.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा अहवाल, घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. काही विक्रेत्यांना नोटिशीचा राग येतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणतात. अशा ठिकाणी तर नोटीस द्याच.

नव्या स्कीममध्ये फ्लॅट घेताय तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा. जमीन 500 चौरस मीटरच्या वर असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळावर मंजूर नकाशा दिसतो, ताबा कधीचा कबूल केलाय ते दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. "बुकिंगला पंचवीस टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात करू" असं कुणी म्हणालं तर चहा घ्या आणि उठा.

दरातली मेख अशी. समजा 5,000 रुपये फुटानं 1,000 फुटांचा फ्लॅट 50 लाखांना सांगितला. हे हजार फूट 'सेलेबल', म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट यांचा वाटा धरून. आत पाय ठेवायला मिळणारा कार्पेट 720 फूट निघाला, तर तुमचा खरा दर झाला 6,900 च्या वर. दुसऱ्या बिल्डरचा 5,400 चा दर महाग वाटतो, पण तेवढ्याच हजार फुटांत त्याचा कार्पेट 820 असला तर तो स्वस्त पडतो. करारात कार्पेटच लिहिलेला असतो, तुलनाही त्याच्यावरच करा. काम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी आहे. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला, म्हणजे किंमत 45 लाखांपर्यंत आणि कोल्हापूरसारख्या शहरात कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत, तर एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही.

पैशाचं गणित पन्नास लाखांवरच करू. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते. म्हणजे 40 लाख बँकेचे, 10 तुमचे. मुद्रांक शुल्क बँक त्यात धरत नाही. महापालिका हद्दीत पाच टक्के मुद्रांक आणि एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, म्हणजे 3 लाख. नोंदणी फी 30,000. असे 13 लाख 30 हजार हातात पाहिजेत, फर्निचर वेगळं आणि लागत असेल तर जीएसटीही वेगळा. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट आहे, इथं ते 50,000 होतात. नवरा-बायको दोघांची नावं घातली की सूट जाते. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आणला, तेव्हा जुनं कर्ज असणाऱ्यांनीही आपला व्याजदर खरंच उतरलाय का हे बँकेत जाऊन विचारावं. फ्लोटिंग दराचं घरकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही.

काही रक्कम रोख मागितली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्या वर रोख घेणं कायद्यानं चालत नाही. जेवढी घेतली तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, होऊ शकतो. घर घेणाऱ्याचंही नुकसान आहे. उद्या तो घर विकेल तेव्हा ती रोख त्याच्या खरेदी किमतीत धरली जाणार नाही, म्हणजे नफा फुगलेला दिसेल आणि त्याच्यावर कर भरावा लागेल.

विकणाऱ्या मंडळींना माझं एकच गाऱ्हाणं आहे. घर रंगवता, फुलझाडं लावता, पण वारसनोंद करत नाही. पेठेतलं जुनं घर आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात. गिऱ्हाईक येतं, दर ठरतो, संचकार म्हणजे इसार होतो आणि मग आठवण येते की इचलकरंजीच्या आत्याची सही लागणार. आत्याला फोन जातो तो थेट "सहीला ये" म्हणून. ती का येईल? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. आधी बसा, बोला, तिचा वाटा ठरवा किंवा ती खुशीनं सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवा, आणि मगच एजंटला बोलवा. अशा अडकलेल्या घराचा दर गिऱ्हाईक पाडूनच मागतं, कारण सहा महिने थांबायची तयारी त्याला ठेवावी लागते.

दर ठरवताना रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेल्या दराचा, आकडा काढून ठेवा. 2023 आणि 2024 ला सरकारनं तो वाढवला नव्हता, 1 एप्रिल 2025 ला वाढवला. रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. मोक्याच्या ठिकाणी बाजार त्याच्या बराच वर असतो, आणि पुराच्या पट्ट्यात गिऱ्हाईक रेकनरइतकेही द्यायला तयार नसतं. शेजाऱ्यानं किती सांगितले त्यावर जाऊ नका. आसपासचे नोंदलेले व्यवहार सरकारच्या ई-सर्च या संकेतस्थळावर दिसतात, ते बघा. ऊसबिलं जमा व्हायच्या दिवसांत तालुक्याकडचं गिऱ्हाईक शहरात उतरतं, विकायचं असेल तर कागद तोवर तयार ठेवा.

घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना पर्यायही निवडता येतो. जुन्या घराला कुठला सोयीचा, ते सीएकडून दोन्ही गणितं मांडून बघा. किंमत 50 लाख किंवा त्याच्या वर असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापून भरेल. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, नाहीतर रिटर्न भरताना धावाधाव होते.

किल्ली देताना घरफाळा, पाणीपट्टी आणि वीजबिलाची शेवटची पावती घेणाऱ्याच्या हातात द्या, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहून त्यावर सह्या करा, आणि वीज व पाण्याची जोडणी त्याच्या नावावर करायचा अर्ज त्याच आठवड्यात भरायला लावा. बिल तुमच्या नावावर येत राहिलं तर थकबाकीची नोटीसही तुमच्याच नावानं येणार.

नमस्कार.