यंत्राने नव्हे, घाईने

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

‘यंत्र आले म्हणून सुतार संपला काय?’ हा विषय मीच मागून घेतला, कारण हातकामाच्या आठवणीने हळहळणाऱ्या मंडळींपैकी फारच थोड्यांनी सागाची सात फुटी फळी दोन्ही बाजूंनी हाताने रंधून पाहिली आहे. पुण्यातील ज्या दारे-खिडक्यांच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षे गेली, तेथे लाकडाची जाडी काढणारे यंत्र बसले तेव्हा सर्वांत मोठा सुस्कारा आम्हा सुतारांनीच सोडला होता. मात्र यंत्राकडे वळण्याआधी ओल्या लाकडाविषयी थोडे बोलू द्यावे, अशी विनंती आहे.

लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही. रुंदीला आकसते, आणि वाढीच्या कड्यांच्या अंगाने तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या अंगाच्या सुमारे दुप्पट. आतील ओल तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागली की हा खेळ सुरू होतो. साग इतरांच्या मानाने शांत खरा, तरी वीस टक्के ओलीचे अठरा इंच रुंदीचे पॅनेल, म्हणजे दाराच्या चौकटीत भरलेली फळी, दहा टक्क्यांवर आले की दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सहज कमी भरते. म्हणून दाराच्या झडपेत पॅनेल खाचेत मोकळे बसवायचे, त्याला सरस लावायचा नाही, आणि पॉलिशचा पहिला हात जोडणीपूर्वीच द्यायचा, नाहीतर पुढे कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. हे आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या पोरालाही ठाऊक असे.

एका गृहसंकुलाचे काम आले तेव्हा बल्लारशाचा साग भर पावसात उतरला. हेडमिस्त्रींनी तो थप्प्या लावून, मध्ये पट्ट्या घालून सुकवायला मागितला, तर मालकांनी त्यांना हप्त्याच्या तारखा दाखवल्या. त्यातच मोकळी पॅनेले खडखडतात असा ठेकेदाराचा आक्षेप आला आणि ती चारही बाजूंनी सरसाने पक्की करण्याचा हुकूम निघाला. शिमग्याच्या सुमारास पॅनेले मधोमध तडकली. त्या फटीतून शेजारच्या खोलीतला दूरदर्शन संच दिसतो, अशी एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली. चित्र स्पष्ट दिसते की कसे, ते मात्र त्यांनी कळवले नव्हते. फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाली, पुढच्या पावसात लाकूड फुगले आणि ती लांबी बाहेर आली. एवढे झाल्यावर कार्यालयात ठपका कोणावर बसावा? खाचा पाडणाऱ्या यंत्रावर! आणि ते चालवणाऱ्याचा जादा कामाचा भत्ता कापला गेला. ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे, हे पुढच्या रांगेतील स्नेह्यांच्या चेहऱ्यावरून कळते आहे. पण भत्ता अद्याप मिळालेला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा आटोपशीर मांडतो. यंत्राने कुसू (खाचेत बसणारी जीभ) आणि खाच पाडण्याचे कष्ट आमच्याकडून काढून घेतले, कसब नाही. ते कसब प्रत्यक्ष मापाच्या आखणीत, पहिला नमुना जोडून तपासण्यात आणि कोणती फळी कोणत्या अंगाने वळेल हे ओळखण्याकडे सरकले. कारण हाताने चुकणारा एक खाच बिघडवतो, तर चुकीचे लावलेले यंत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभर बिघडवते. यंत्राचा खरा दोष धुळीचा, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आणि आमच्या नाकाला तर रुमालच होता.

धंदा आटला त्याची कारणे निराळी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या आदेशाने जंगलतोडीवर आणि विनापरवाना करवत गिरण्यांवर बंधने आली, ती योग्यच होती. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या, तयार फ्लश (सपाट, बिनपॅनेलची) दारे आली. परंतु गिऱ्हाईक त्यांच्याकडे इतक्या आनंदाने गेले, त्याचे कारण आमची दारे पावसात अडकत आणि उन्हाळ्यात फाटत, हेच होते.

भारतीय मानक २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडून कोणत्या कामाच्या लाकडात किती ओल चालेल, हे लिहिलेले आहे. येथे बसलेल्या वास्तुविशारदांनी ते आकडे निविदेत घालावेत, माल उतरताना ओल मोजणारे मीटर लावावे, आणि सुकवणीचे आठवडे दरात धरावेत.