मांद्रेचे वकील आणि 81वं घटनादुरुस्ती विधेयक

(दृश्य: शिवोलीचा पूल, पहाट)

ही शापोरा नदी. अलीकडे बार्देश, पलीकडे पेडणे. आज गाडी पाच मिनिटांत पलीकडे जाते, पण आपण ज्यांची गोष्ट सांगतोय त्यांच्या तरुणपणी इथे पूल नव्हता. शिवोलीहून चोपड्याला जायचं तर फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर थांबायचं. पलीकडच्या मांद्रे गावात 1946 साली रमाकांत खलप यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे ते वकील झाले.

(दृश्य: उपनिबंधक कार्यालयातलं टेबल, कागद, शाईचा पॅड)

पेडण्यासारख्या तालुक्यात वकिलाला काय मान असतो, हे कळायला अशा खोलीत तासभर बसून पाहावं. कुणाच्या हातात एक चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा असतो, कुणी मुंडकारीचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या हक्काचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले असतात. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 चा, कुळांना कसत्या जमिनीचे मालक ठरवणारी दुरुस्ती 1976 ची. कायदा झाला, तरी मामलेदारापुढे उभं राहायचं तर सोबत जाणता माणूस लागतोच.

आता हा एक कागद जवळून पाहूया. विक्रीखत आहे. खाली नवऱ्याची सही, आणि तिच्याच बाजूला बायकोचा अंगठा. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून ही रीत चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा. घर विकायचं असो की काजूची बाग, तिची संमती नसेल तर व्यवहार तिथेच अडतो. गोव्यातल्या वकिलाच्या हाताखालून असे किती कागद जात असतील!

(दृश्य: मांडवीकाठचं जुनं सचिवालय)

आदिलशाहाच्या या वाड्यात तेव्हा विधानसभा भरायची. 1977 साली खलप मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे आमदार म्हणून इथे आले. मुख्यमंत्रिपदी शशिकला काकोडकर होत्या. देशात स्त्री मुख्यमंत्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असताना आपल्या गोव्यात ती होती, हे आपण फार लवकर विसरलो. पुढे खलप विरोधी पक्षनेते झाले. 4 फेब्रुवारी 1987 रोजी राजभाषा कायदा संमत झाला: देवनागरीतली कोकणी राजभाषा, आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद. 1990 मध्ये खलप उपमुख्यमंत्री झाले.

(दृश्य: जुनं संसद भवन)

1996 साली पणजी मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. देवेगौडांचं संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि मगोसारख्या छोट्या पक्षाचा खासदार केंद्रात कायदा राज्यमंत्री झाला, तोही स्वतंत्र कार्यभार घेऊन.

12 सप्टेंबर 1996. लोकसभेत 81वं घटनादुरुस्ती विधेयक मांडायला खलप उभे राहिले. लोकसभेत आणि राज्यांच्या विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा. या मागणीचं विधेयक संसदेत येण्याची ती पहिलीच वेळ, आणि ते मांडणारा माणूस शापोरेच्या पलीकडचा. आमच्या मते गोव्याच्या शाळांतून ही तारीख शिकवायला हवी.

विधेयक गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि त्यात एका त्रुटीवर नेमकं बोट ठेवलं. ज्या राज्यात लोकसभेच्या तीनपेक्षा कमी जागा, तिथे या विधेयकात आरक्षण नव्हतं. गोव्याच्या जागा दोन. म्हणजे गोव्याच्या मंत्र्याने मांडलेल्या विधेयकातून गोव्याचीच स्त्री लोकसभेपुरती बाहेर राहत होती. अशा राज्यांनाही आरक्षणात घ्या, असं समितीने सुचवलं.

सभागृहात विरोध वाढत गेला. डिसेंबर 1997 मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक बारगळलं. पुढे 1998, 1999, 2008. दर वेळी नवं विधेयक, नवा गदारोळ. 2010 मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं, पण लोकसभेत ते आलंच नाही.

(दृश्य: खलप यांची जुनी छायाचित्रं, 2024 च्या प्रचारसभा)

1998 ची निवडणूक खलप हरले. मगो सोडून ते काँग्रेसमध्ये गेले, राज्याच्या कायदा आयोगाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. म्हापसा अर्बन बँकेचेही ते अध्यक्ष होते. 2020 मध्ये त्या बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. 2024 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते उत्तर गोव्यातून पुन्हा लोकसभेला उभे राहिले आणि श्रीपाद नाईक यांच्याकडून पराभूत झाले.

(दृश्य: नवीन संसद भवन)

त्याआधी, सप्टेंबर 2023 मध्ये, नव्या संसदेत महिला आरक्षणाचं विधेयक मांडलं गेलं. मांडणारे अर्जुन राम मेघवाल, स्वतंत्र कार्यभार असलेले कायदा राज्यमंत्री. पद तेच, मध्ये सत्तावीस वर्षं गेलेली. या वेळी ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर.

1980 मध्ये पणजीतून संयोगिता राणे लोकसभेवर गेल्या होत्या. 2024 च्या निकालानंतरही गोव्याच्या दोन्ही जागांवर पुरुषच आहेत.

(दृश्य: पुन्हा उपनिबंधक कार्यालय, दुपार)

नवऱ्याची सही झाली. कारकून आता बायकोचं नाव पुकारतोय. लुगड्याच्या पदराला बोट पुसून ती उठते, टेबलाशी येते, शाईचा पॅड स्वतःकडे ओढून घेते.