पुरुषवेषातल्या कमलाबाई

नमस्कार, श्रोतेहो. नाथांचं भारूड रंगात आलं की लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बाईचं सोंग गडीमाणूसच घेतो, आणि आपण मनापासून हसतो. संगीत नाटकातही एके काळी हीच रीत होती. बालगंधर्वांनी १९१३ साली स्वतःची मंडळी काढली. त्यांचा शालू, त्यांचा अंबाडा बघायला घरंदाज बायका गर्दी करायच्या. खरीखुरी बाई रंगमंचावर आली, की मात्र कपाळाला आठ्या!

त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले साळुंके, कारण बाई मिळालीच नाही. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ला मिळाल्या, त्या मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती आणि कोवळ्या वयाच्या कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पोटासाठी नाटक कंपनीची वाट धरली होती. लेक त्याच फिरत्या बिऱ्हाडात वाढली.

प्रश्नमंजूषेत कमलाबाईंचं नाव येतं ते या सिनेमापुरतं. मला ते अपुरं वाटतं. कारण त्यांची चूल पेटली ती नाटकावर. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं; ‘चित्ताकर्षक’ नाटक मंडळीत नवरा-बायको दोघंही रंगमंचावर. आणि ऐन पंचविशीच्या आसपास रघुनाथराव गेले. पदरात लहान लेकरं. दारोदार मदत मागायची, की तोंडाला पुन्हा रंग लावायचा?

त्यांनी रंग लावला, तोही नायकाचा! मनोहर स्त्री संगीत मंडळीत सगळ्याच बायका, म्हणजे पुरुषांच्या भूमिकाही बायकांनीच करायच्या. तिकडे गंधर्व नायिका होत होते, इकडे कमलाबाई पुरुष. शालू नेसलेल्या पुरुषाचं कौतुक आपण शंभर वर्षं सांगत आलो. फेटा बांधून उभ्या राहिलेल्या या बाईचं सांगायला मात्र आपली जीभ का अडखळते, कोण जाणे. चाल बदलायची, उभं राहणं बदलायचं, ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, आणि खेळ सुटला की लेकरांचं दुखलं-खुपलं बघायचं. हे काही सोपं काम नव्हे, माय!

त्यातला चंद्रकांत लहानपणीच रंगमंचावर आला. हेच आपले चंद्रकांत गोखले. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले. आणि विक्रम गोखले? ते कमलाबाईंचे नातू.