आधी बोलू द्या, मग लिहा

(मेळाव्यात परदेशातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी झालेल्या सत्रातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

आपल्या रविवारच्या शाळेतल्या मुलाला वर्गात विचारा, "तू काल काय केलेस?" तो व्यवस्थित उत्तर देतो. त्याच मुलाला संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन येतो, "काय रे, कुठेयस? जेवलास का? आई आलीय का ऑफिसातनं?" आणि फोन मुकाट्याने आईच्या हातात जातो. यातला एकही शब्द त्याला नवा नसतो. कुठे, जेवणे, येणे, हे सगळं पहिल्याच पुस्तकात झालेलं असतं. पण हे शब्द असे एकमेकांत मिसळून, घाईघाईत, मागे कुकर शिट्ट्या देत असताना त्याने वर्गात कधी ऐकलेले नसतात. वर्गात आपण जे ऐकवतो ते आधी कुणीतरी लिहिलेलं आणि मग कुणीतरी वाचलेलं असतं.

म्हणून आज एवढंच सांगायचंय: ऐकण्याच्या पाठासाठी संवाद लिहू नका. प्रसंग द्या, दोघांना बोलू द्या, रेकॉर्ड करा आणि मग जे बोललं गेलं तेच लिहून काढा.

लिहिलेला संवाद वाचला की पहिल्यांदा बिघडतं ते 'आहे'. वाचणारा ते स्पष्ट उच्चारतो. बोलणारा ते आधीच्या शब्दात विरघळवून टाकतो. झालंय, येणारेस का, माझ्याकडेय, करायचंय. शिकणारा कान 'आहे' शोधत राहतो आणि तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे शब्दांचा क्रम. व्याकरणाच्या तासाला आपण शिकवतो की क्रियापद शेवटी येतं. बोलताना मात्र "दिलं मी त्याला, ते पुस्तक" किंवा "आली का गं ती, खालच्या मजल्यावरची?" अशी शेपटं सतत लागतात, कारण बोलणाऱ्याला मागाहून वाटतं की समोरच्याला संदर्भ लागला नसावा. आधीच लिहिलेल्या संवादात ही शेपटं जवळजवळ कधीच सापडत नाहीत.

तिसरं, ऐकणाऱ्याचा आवाज. मराठी माणूस फोनवर गप्प राहून ऐकत नाही. "हं… हं… बरं… मग?" चालू असतं. ते थांबलं की पलीकडून "हॅलो? आहेस ना?" आलंच. आपल्या क्लिपमध्ये एक बोलतो, दुसरा शांत बसतो, मग दुसरा बोलतो. असं फक्त कोर्टातल्या साक्षीत होत असेल.

आणि इंग्रजी शब्द. शिक्षक मंडळी ते हटकून गाळतात. "बुकिंग कन्फर्म झालंय" असं कुणी म्हटलं की संपादनात त्याचं "आरक्षण निश्चित झाले आहे" होतं. मुलांना इंग्रजी येतंच, तर हे शब्द ठेवून काय मिळणार, असा प्रश्न येतो. मिळतं ते असं, की 'स्टेशनवरनं', 'बॉक्समधलं', 'डॉक्टरांकडचं' यात ओळखीचा इंग्रजी शब्दसुद्धा मराठी उच्चार आणि प्रत्ययामुळे त्यांना ओळखू येत नाही. हीही ऐकण्याचीच अडचण आहे. त्यामुळे लोक जसे बोलतात तसे शब्द ठेवा.

आकड्यांचंही तेच. भारतात फोन नंबर बहुतेक लोक इंग्रजीतच सांगतात, पण भाजीचा भाव आणि वेळ मराठीत येते: दीडशे, अडीचशे, पाऊण किलो, सव्वापाच, पावणेसहा. पाठ केलेले एक ते शंभर इथे फारसे कामी येत नाहीत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळ होणार हे गृहीत धरा आणि दोन्ही आकडे मुद्दाम एकाच क्लिपमध्ये आणा.

आता कृती. प्रत्येक बोलणाऱ्याला एक कार्ड द्यायचं, आणि समोरच्याचं कार्ड त्याला दाखवायचं नाही. उदाहरणार्थ, आत्याच्या कार्डावर: भाचीला रविवारी जेवायला बोलवायचंय, सकाळी प्लंबर येणार, एकच्या आत नको, घर बदललंय, नवा पत्ता सांगायचा, चौथा मजला. भाचीच्या कार्डावर: दादरला उतरलेय, रविवारी चारला ठाण्यात दुसरीकडे जायचंय, मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. एवढंच. पूर्ण वाक्यं लिहू नका, मुद्दे लिहा. वाक्य दिसलं की माणूस ते वाचतो आणि वाचलं की सूर बदलतो. दोघींना एकमेकींची अडचण माहीत नसल्यामुळे खरी घासाघीस होते: "दीडला ये ना मग." "अगं पण चारला मला ठाण्यात पोचायचंय." बोलता बोलता कुणी चुकलं, "तिसरा, नाही नाही, चौथा मजला", तर ते कापू नका. पत्ता ऐकताना चूक आणि दुरुस्ती यांतून नेमकं काय उचलायचं, हे शिकवायला याहून चांगलं साहित्य लिहून मिळत नाही.

तीन वेळा बोलायला लावा आणि तिन्ही वेळा रेकॉर्ड करा. पहिल्या वेळी दोघंही अवघडलेली असतात. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचं नाटक होतं, कारण उत्तरं आधीच ठाऊक असतात. बहुधा दुसरं रेकॉर्डिंग घ्यावं लागतं.

जोडी निवडताना नातं खरं असेल तर फार फरक पडतो. दोन मैत्रिणींना सासू आणि जावई करायला सांगितलं तर तिसऱ्या वाक्याला 'तुम्ही'चं 'तू' होतं. परदेशात वाढणारी मुलं घरात दिवसभर 'तू' आणि आज्ञार्थच ऐकतात: ये, जेव, आवर, ठेव ते खाली. 'अहो-जाहो' त्यांच्या कानावर फारसं पडत नाही. म्हणून शेजारचे काका, डॉक्टर, दुकानदार, बँकेतल्या बाई यांच्याशी होणारी बोलणी संग्रहात भरपूर हवीत. आजीला 'तू' की 'तुम्ही' हे मात्र घराघरावर आहे. ते एकसारखं करायच्या फंदात पडू नका.

हाच न्याय बोलीला. नागपूरकडचे पालक "काय करून राहिला?" म्हणतील, कोल्हापूरची मुलगी "मी आलो" म्हणेल. ते 'सुधारायचं' नाही. अगदी नवशिक्यांच्या क्लिपा एका वळणाच्या असाव्यात, हे मान्य. पण शिकणारा ओळखीच्या विषयावर दोन मिनिटं गप्पा मारू लागला की त्याला दोनतीन बोली ऐकवायलाच हव्यात, आणि आपल्या मंडळात त्या फुकट उपलब्ध आहेत.

रेकॉर्डिंगला महागडा माईक लागत नाही. साधा फोन पुरतो, पण काही पथ्यं आहेत. स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा, कारण टाइल्सवरून आवाज घुमतो. मागचा गुणगुणाट नंतर थोडाफार काढता येतो, घुमणारा आवाज जवळजवळ निघतच नाही. गालिचा, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली बेडरूम उत्तम. टेबलावर रजई पसरा. फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, पण समोर नाही, थोडा बाजूला ठेवा. समोर धरला तर ख, फ, भ यांचा श्वास थेट माईकवर आदळतो आणि मराठीत असे वर्ण पदोपदी येतात. फोन फ्लाइट मोडवर टाका. ब्लूटूथ हेडसेटचा माईक नको, त्यातून आवाज फोन कॉलसारखा दबका येतो. आवाजाची पातळी दाखवणारं ॲप असेल तर बोलण्याची शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. मोकळ्या गप्पांत हसू अचानक मोठं येतं, त्याला जागा ठेवावी लागते. शेवटी कुणीही न बोलता खोलीची १० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. मधे काही कापलं तर तिथे ठिगळ म्हणून ती लावायची.

फोनवरचा संवाद हवा असेल तर दोघांना खरोखर दोन खोल्यांत बसवून कॉल करायला लावा आणि प्रत्येकाजवळ एक वेगळा फोन रेकॉर्डिंगला ठेवा. चेहरा दिसत नसला की माणूस वेगळं बोलतो, 'हं' वाढतात. सुरुवातीला एकाने कॉलवर मोठ्याने टाळी वाजवली की दोन्ही फाईली नंतर साधारण जुळवता येतात. जुन्या लँडलाइनचा भास हवा असेल तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा ठेवा. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी 'टेलिफोन' नावाचा तयार पर्याय आहे. असा आवाज स आणि श यांतला फरक पुसट करतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना तो देऊ नये.

बाजाराचा गोंगाट हवा असेल तिथे बहुतेक जण एक चूक करतात. शांत खोलीत हळू आवाजात बोलणं रेकॉर्ड करतात आणि खाली मंडईचा आवाज चिकटवतात. ऐकताना ते लगेच खोटं वाटतं. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, स्वर लांबतात. फ्रेंच कानतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दाखवलं आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. त्यामुळे बोलणाऱ्यांच्या एका कानात इअरफोन घालून त्यात मंडईचा आवाज चालू ठेवा आणि मग बोलायला सांगा. नंतर तोच आवाज खाली मिसळा: नवशिक्यांसाठी बोलण्यापेक्षा १५ डेसिबल खाली, पुढच्यांसाठी १०, सरावलेल्यांसाठी ५.

वेगाबद्दल फार विचारलं जातं. शिक्षक सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी करतात आणि मग सगळी पात्रं झोपेतून उठल्यासारखी बोलतात. शब्दांना हात लावू नका, विराम वाढवा. वाक्य संपतं तिथे अर्धा ते एक सेकंद शांतता घाला. २००१ साली आलेल्या युरोपीय भाषा-आराखड्यातही अगदी पहिल्या पायरीच्या श्रोत्यासाठी संथ बोलण्याबरोबर अर्थ लावायला वेळ देणारे लांब विराम सांगितले आहेत. बोलणाऱ्यालाही "हळू बोला" म्हणू नका. तो प्रत्येक अक्षर सुटं करू लागतो. "समोरच्याला लिहून घ्यायचंय" असं कार्डावर टाका, वेग आपोआप योग्य तेवढा उतरतो.

लांबी: पहिल्या पायरीला ३० ते ४५ सेकंद, दुसरीला एक मिनिट, तिसरीला दोन-तीन. त्यापुढे लक्षात ठेवण्याची परीक्षा होते, ऐकण्याची नाही.

प्रश्न लिहून झाले की क्लिप न ऐकवता ते एखाद्या सहकाऱ्याला सोडवायला द्या. "आत्या भाचीला कशासाठी बोलावते? जेवायला, पोहायला की शाळेत?" याचं उत्तर न ऐकताही येतं, म्हणून तो प्रश्न बाद. पहिल्या ऐकण्याला एकच प्रश्न: कोण बोलतंय आणि त्यांचं जमलं का? दुसऱ्याला तपशील: किती वाजता, कितवा मजला. लिहिलेला मजकूर तिसऱ्या ऐकण्यालाच हातात द्यायचा, आणि त्यात 'झालंय' हे 'झालंय'च लिहायचं.

संगणकी आवाजाबद्दलही विचारणा होते. आकडे, वेळ, शब्दांचा सराव यांना तो चालतो, फक्त चहातला च आणि चाकातला च नीट वेगळे येतात का ते ऐकून घ्या. दोघांच्या संवादाला तो नको. तो अडखळत नाही, मधे बोलत नाही, चुकून दुरुस्त करत नाही, आणि नेमकं तेच शिकवायचंय.

परवानगीचं थोडक्यात. मंडईत लपून रेकॉर्डिंग करायचं नाही. मागचा गलबला चालेल, ओळखू येणारं संभाषण नाही. प्रत्येक बोलणाऱ्याकडून लेखी संमती घ्या, मुलांच्या आवाजासाठी पालकांकडून, आणि क्लिप संकेतस्थळावर जाणार का वर्गातच राहणार ते त्यात स्पष्ट लिहा. मालिकांचे तुकडे कापून आपल्या साइटवर चढवू नका, दुवा द्या.

मूळ फाईल वेव्ह स्वरूपात जपा. मोनो असेल तर एका मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात. वर्गासाठी ६४ केबीपीएसची मोनो एमपी-थ्री पुरते, ती अर्ध्या एमबीच्या आत बसते. व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नाही, नाहीतर आवाज दाबला जातो. फाईलच्या नावात पायरी, प्रसंग, बोली आणि वर्ष टाका. कार्डांचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी तीच कार्डं दुसऱ्या जोडीला दिली की नवी क्लिप तयार होते, आणि मुलांना एकच आमंत्रण एकदा साताऱ्याच्या आणि एकदा अमरावतीच्या मराठीत ऐकायला मिळतं.