चार डिग्रीचं दूध

(रात्र. वाफेत उभा टँकर. मागून दिवा.)

पुण्यातल्या एका डेअरीची मागची बाजू. रात्रीचे साडेदहा. वाफेतून बाहेर येतोय तो पोरगा आज पहिल्यांदा दुधाच्या टँकरवर आलाय. आधी तीन वर्षं त्यानं खडीचा हायवा, म्हणजे डंपर, चालवला. खडी कुणी हुंगून बघत नाही. इथं स्टिअरिंगला हात लावायच्या आत मामा त्याला गाडीच्या मागं घेऊन आले.

मामा कुणाचे सख्खे मामा नव्हेत. आयुष्य दुधाच्या गाडीवर गेलं, म्हणून सगळ्या लाइनीचे मामा.

त्यांचं बोट बघा. वॉल्व्हचं टोपण काढलं, आतली रबराची रिंग सोडवली, ती बसते त्या खाचेतून बोट फिरवलं आणि नाकाशी धरलं. बोटावर पांढुरकं, बुळबुळीत काहीतरी आलंय, भाताच्या शिताएवढं.

"एवढ्यानं अख्खी गाडी नासती," मामा म्हणतात. "डोळ्यानं नको बघू लेका. नाकानं बघ."

रिंग बादलीत गेली. ती घासून होईपर्यंत टाकी धुवायला लागली.

(टाकीच्या आत. फवारा सुरू.)

झाकणातून कॅमेरा आत सोडून घेतलेला हा शॉट. आतला पत्रा स्टेनलेस स्टीलचा, बाहेर दुसरा पत्रा, मध्ये थंडी धरून ठेवणारा थर. म्हणजे चाकांवरचा थर्मासच. वरून लोंबतोय तो फवाऱ्याचा गोळा. पहिलं पाणी साधं असतं, गरम नाही. घरात दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात भिजत घालतात, तेच कारण. उकळतं पाणी थेट मारलं तर दुधातली प्रथिनं पत्र्याला धरतात, मग घासत बसा.

पाणी निवळ यायला लागलं की कॉस्टिक सोडा. साधारण एक-दीड टक्क्याचं द्रावण, सत्तर-पंचाहत्तर डिग्रीला तापवलेलं. ते फॅट आणि प्रथिनं सोडवतं. मग परत पाणी. मग नायट्रिक ॲसिड, तेही सौम्यच, कारण दुधातल्या क्षारांचा जो पांढरा थर बसतो तो सोड्याला दाद देत नाही. परत पाणी. शेवटी उकळीच्या जवळचं गरम पाणी किंवा वाफ. ती वाफ आता झाकणातून वर येतेय.

हे सगळं माणूस आत न उतरवता होतं, त्यासाठीच तर फवारा. तरी कुठं कुठं गोळा बंद पडला की ब्रश घेऊन माणसाला आत उतरवतात. बंद टाकीत हवा कमी असते आणि अशा टाक्यांमध्ये माणसं गुदमरून मेलेली आहेत.

धुतल्याची पावती मिळाली. तिच्यावर गाडीचा नंबर, वेळ, शेवटच्या पाण्याचं तापमान. ड्रायव्हरच्या नावापुढं कुणीतरी फक्त 'नवीन' असं लिहिलंय.

(महामार्ग, रात्र. केबिनमधून.)

रिकामी गाडी फलटणकडं. खेड शिवापूर, शिरवळ, लोणंद. टँकरला जाताना भाडं नसतं. हायवावाला जाताना विटा टाकेल, येताना वाळू आणेल. या टाकीत दुधाशिवाय काही भरायचं नाही, म्हणून एक फेरी कायम रिकामी. मामा शेजारच्या सीटवर पेंगतायत, पण गिअर चुकला की डोळे उघडतात.

लायसन्सचं थोडं सांगायला हवं. पेट्रोलचा टँकर चालवायचा तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, लायसन्सवर तशी नोंद लागते. दूध धोकादायक माल नाही. अवजड वाहनाचं लायसन्स असलं की भागलं. आतला माल हलतो, हे पोराला सांगणारे फक्त मामा.

(पहाट. संकलन केंद्र. पाइपातून दूध.)

गावोगावच्या डेअऱ्यांचं दूध इथं येतं आणि चार डिग्रीवर थंड होतं. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ), या दोन आकड्यांवर खालच्या शेतकऱ्याचा भाव ठरतो. तो वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

आता झाकणापाशी बघा. लांब दांड्याचा प्लंजर खालीवर होतोय. दूध उभं राहिलं की साय वर येते; न ढवळता वरचंच घेतलं तर फॅट जास्त लागतं, तळाचं घेतलं तर कमी. म्हणून आधी ढवळायचं, मग सॅम्पल. मग डिप घ्यायचा, म्हणजे पट्टी बुडवून दुधाची पातळी मोजायची, पट्टीवरचा आकडा चलनावर. मग सील. झाकणाला एक, वॉल्व्हला एक, प्रत्येकाचा नंबर वेगळा. पोरगा नंबर मोठ्यानं वाचतो, मामा त्याला परत वाचायला लावतात. पुण्यात गेल्यावर सील तुटलेलं निघालं तर कुणी काही विचारत नाही, ड्रायव्हरलाच धरतात. डिपमध्ये घट आली तर काही मालक ती पगारातून कापतात, असं या लाइनीतले जुने ड्रायव्हर सांगतात.

या गाडीला दोन कप्पे आहेत, पाच-पाच हजार लिटरचे. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून दहा हजार लिटरचं वजन जवळपास 10.3 टन. दुसऱ्या टँकरना आतून आडव्या जाळ्या, पडदे असतात, पातळ माल त्यांना अडतो. दुधाच्या टाकीत असे पडदे शक्यतो टाळतात, कारण जिथं कोपरा तिथं दूध अडकतं आणि फवारा पोचत नाही. टाकी जेवढी स्वच्छ धुता येते, तेवढी आत लाट मोकळी.

कप्पा काठोकाठ भरला असेल तर लाटेला जागाच नाही. खरी भीती अर्ध्या गाडीची. उन्हाळ्यात, कृशकाळात, दूध कमी येतं आणि पूर्ण भरेपर्यंत गाडी थांबत नाही. आज एक कप्पा भरलाय. दुसऱ्यात तीन हजार.

(शिरवळच्या पुढं. केबिन. डॅशबोर्डवर पाण्याची बाटली.)

या बाटलीकडं लक्ष द्या. पोरानं ब्रेक दाबला, बाटलीतलं पाणी पुढं गेलं, मागं आलं. गाडी थांबली. आणि मग, थांबलेल्या गाडीला मागून कुणीतरी खांदा लावावा तसा धक्का बसला. गाडी हातभर पुढं सरकली.

पोरानं आरशात बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"दूध आलं ते," मामा म्हणाले. "आधी तू थांबतो, मग ते थांबतं."

हा शॉट आम्ही तीनदा वापरायचा विचार केला. एकदाच वापरलाय.

(नवीन कात्रज बोगदा. बाहेर उजेड.)

बोगद्यातून बाहेर पडलं की नऱ्ह्याच्या बाजूनं नवले पुलापर्यंत उतारच उतार. पुणेकरांना या रस्त्याबद्दल सांगायला नको. नोव्हेंबर 2022 मध्ये याच उतारावर एका अवजड वाहनानं पुढच्या कितीतरी गाड्या चिरडत नेल्या होत्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचा, इंजिन बंद करायचं, ही लाइनीतली जुनी खोड. इंजिन बंद झालं की ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि मग टाकीत जेवढी हवा उरली तेवढेच ब्रेक.

पोराचा हात बघा, गिअरवर. बोगद्याच्या तोंडाशीच गाडी खालच्या गिअरमध्ये घेतलीय. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, थोडा दाबायचा, सोडायचा, लाट परत येईपर्यंत थांबायचं. मागचा कारवाला हॉर्न देतोय. मामा खिडकीतून हात काढून त्याला पुढं जा म्हणतात. ते आणखीही काही म्हणाले, ते आम्ही काढून टाकलंय.

(डेअरीचं गेट. टँकरची रांग.)

सकाळचे नऊ. पुढं अकरा गाड्या. लॅबमध्ये कॅमेरा नेऊ दिला नाही. सॅम्पलची आंबटता, उकळून फुटतंय का, युरिया आहे का, हे सगळं तिथं तपासतात आणि ते पास झाल्याशिवाय गाडी खाली होत नाही.

बाहेरचं मात्र भरपूर चित्रित झालंय, कारण साडेचार तास आम्हीही तिथंच होतो. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. त्यात होतं, दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तास झाले की किमान अर्धा तास विश्रांती. रांगेतला वेळ काम की विश्रांती? इथं विचारलं तर लोक हसतात. 2025 मध्ये नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. ही गाडी त्याआधीची. टाकीतलं दूध पाच डिग्री. केबिनमध्ये आमच्या साउंडवाल्याचा थर्मामीटर एकोणचाळीस दाखवतोय.

रांगेत कुणी टायरच्या सावलीत झोपलंय, कुणी स्टोव्हवर खिचडी टाकलीय. पोरगा सीटखालून घरचा डबा काढतो, अर्धी भाकरी मामांना देतो. संडासाला आत जाऊ देत नाहीत, रस्त्यापलीकडं जावं लागतं.

दीड वाजता नंबर लागला. सील जुळले, डिप जुळला. गाडी खाली झाली आणि परत धुवायच्या जागी आली.

मामा खाली उतरले नाहीत. पोरगा एकटाच मागं गेला, रिंग सोडवली, खाचेतून बोट फिरवलं. वास घेतला. आणखी एकदा घेतला.

"मामा, कळंना."

"आण हिकडं."

पुढची भरती पहाटे साडेतीनला.